पाण्याखालचं ताट – भाग 6 : रोहूला सोयाबीन चालेल का?

मासळीच्या भुकटीवरचा मागचा भाग वाचून बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या एका वाचकानं विचारलंय, ‘‘आमच्या तळ्यातल्या रोहूला नुसत्या सोयाबीनवर वाढवता येईल का?’’ समुद्रातली बारीक मासळी वाळवून, दळून ती तळ्यातल्या माशांना घालणं त्यांच्या मनाला पटत नाही. मलाही पटत नाही.

खरं तर रोहू, कटला, मृगळ यांना आपण पूर्वीपासून वनस्पतीच घालत आलोय. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. पेंडीत 40 ते 45 टक्के प्रथिनं, चांगल्या कोंड्यात 12च्या आसपास, म्हणजे मिश्रणात 26 ते 28. वाढत्या रोहूला साधारण तेवढीच लागतात.

पण कोंडा चांगला हवा. तो मुठीत घेऊन बघा. चांगला कोंडा मऊ, किंचित तेलकट लागतो आणि मूठ दाबली की गोळा धरतो. हलरच्या गिरणीतला खरखरीत लागतो, कारण त्यात तुसाचा चुरा मिसळलेला असतो. तूस माशाला पचत नाही. ते तळाशी साचतं, कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं.

आता सोयाबीन. तेल काढून उरलेल्या पेंडीत, बाजारात जिला डीओसी म्हणतात तिच्यात, 45 टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. कच्चे दाणे भरडून मात्र कधीही घालू नका. प्रथिनं पचवणारा रस अडवून धरणारं एक द्रव्य त्यांत असतं. नीट उष्णता दिली की ते निकामी होतं. दुसरी अडचण जरा आतली आहे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसिन सोयाबीनमध्ये भरपूर, पण मेथिओनिन कमी. तिळाच्या पेंडीत नेमकं उलट. वरणाला भाताची जोड का लागते, हे ज्याला कळतं त्याला वेगळं सांगायला नको. म्हणून ‘नुसतं सोयाबीन’ याला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. सोया, शेंगदाणा, थोडी तिळाची पेंड आणि कोंडा असं एकत्र घाला.

रोहूला जठर नसतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि पेंडीतलं फॉस्फरस ज्या फायटेट नावाच्या संयुगात अडकलेलं असतं, ते फोडणारं विकरही त्याच्या पोटात फारसं नसतं; त्यामुळे ते फॉस्फरस त्याला सोडवून घेता येत नाही. ते विष्ठेतून पाण्यात उतरतं आणि तळं गर्द हिरवं होतं. रात्रीतून पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मग पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. फायटेज नावाचं विकर खाद्यात मिसळलं तर हे बरंच टळतं.

खाद्यातली मासळी कमी करता येते, हे इतरत्रही दिसलंय. नॉर्वेत सामन माशाच्या खाद्यात 1990मध्ये सुमारे 90 टक्के माल समुद्रातला होता; 2013पर्यंत तो 30 टक्क्यांच्या आसपास आला. सामन मुळात मांसाहारी, म्हणून तिथल्या लोकांना फार झगडावं लागलं. आपला रोहू त्या मानानं समजूतदार आहे. आणि मिश्रणाच्या प्रमाणाबद्दल विचारायला सोनिवलीहून फार लांब जायला नको. 1961मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था मुंबईत वर्सोव्याला आहे, तिथे माशांच्या पोषणावरही काम चालतं.

पेंड साठवण्याबद्दल एक गोष्ट स्वतःच्या चुकीतून सांगतो. एका जुलैत मी शेंगदाणा पेंडीचं पोतं पडवीत जमिनीवर ठेवलं. बदलापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. आठवड्याभरात पोत्याच्या तळाला हिरवट बुरशी आणि कुबट वास. वरची पेंड बरी दिसत होती, तरी सगळं पोतं पुरून टाकलं. या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष माशाचं यकृत बिघडवतं, आणि ते उकळूनही जात नाही. आता पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर असतात आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच पेंड आणतो.

मिश्रण रात्री भिजवून सकाळी त्याचे गोळे करा. फेकू नका. दोरी बांधलेल्या परातीत ठेवून हळूच पाण्यात सोडा आणि दोन तासांनी परात वर ओढा. गोळे उरले असतील तर उद्या तेवढे कमी घाला.