तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि मण्यांनी मढवलेला राजाचा बिबळ्या

नागपूर : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात लहान मुले चाके लावलेले लाकडी नंदी ओढत घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. हाच तान्हा पोळा. परंपरेनुसार नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये या उत्सवास प्रारंभ केला. खरा बैल हाताळणे मुलांना शक्य नसले, तरी शेतीतील त्याचे महत्त्व त्यांना उमगावे, असा त्यामागील हेतू सांगितला जातो. नंदीला खऱ्या बैलाप्रमाणेच सजवले जाते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल आणि गळ्यात माळा, असा त्याचा साज असतो.

राजाश्रय लाभलेली, लाकडात कोरून सजवलेली अशी प्राण्यांची प्रतिमा आफ्रिकेतही आढळते. कॅमेरूनच्या पश्चिमेकडील पठारावर बामिलेके समाजाची अनेक लहान राज्ये आहेत. तेथील कारागीर बिबळ्या किंवा हत्ती कोरलेली राजासने घडवतात. लाकडावर कापड ताणून शिवले जाते आणि त्यावर काचेचे मणी व कवड्या इतक्या दाट टाकल्या जातात, की लाकूड दिसेनासे होते. बिबळ्या, हत्ती व रानरेडा हे राजाचे प्राणी होत. राजा बिबळ्याचे रूप घेऊ शकतो, अशीही तेथील श्रद्धा आहे.

या आच्छादनालाच तेथे मोल होते. काचेचे मणी मुख्यतः व्हेनिस व बोहेमियातून येत. कवड्या मालदीवच्या समुद्रातील असत. भारत, श्रीलंका आणि युरोपमार्गे त्या पश्चिम आफ्रिकेत पोहोचत. तेथे त्या चलन म्हणून वापरल्या जात आणि गुलामांची किंमतही त्यांत चुकवली जाई. भारतातही कवडी एकेकाळी चलनात होती. पुढे मराठीत ‘कवडीमोल’ हा शब्द तेवढा उरला. बामिलेके राज्यांत मण्यांच्या वापरावर राजाचे नियंत्रण असल्याने मढवलेला प्राणी म्हणजे सत्तेची व संपत्तीची जाहीर खूण ठरे.

विदर्भातील नंदीचा अर्थ मात्र वेगळा आहे. तो सत्तेचे नव्हे, श्रमाचे प्रतीक आहे. राजवाड्यातून निघून तो सामान्यांच्या घरी पोहोचला. आज मात्र खरा बैलच दुर्मीळ होऊ लागला आहे. पशुगणनेनुसार देशातील नर गोवंशाची संख्या २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. म्हणजे सात वर्षांत सुमारे ३० टक्के घट झाली. ट्रॅक्टरमुळे नांगरणीचे काम बैलाकडून गेले आणि वर्षभर त्याला पोसण्याचा खर्च लहान शेतकऱ्याला पेलवेनासा झाला.

जो बैल ओळखता यावा म्हणून मुलांच्या हाती लाकडी नंदी दिला गेला, तो गोठ्यातून नाहीसा होत असल्याने अनेक मुलांची बैलाशी ओळख आता या नंदीपुरतीच उरण्याची चिन्हे आहेत.