भटारखान्यातील पाय आणि घर्षणाचे गणित

नाशिकला आलात की तुम्ही मिसळ खाणार आणि जाताना चिवड्याचा पुडा घेणार, हे ठरलेलेच. पण ती तर्री उकळणारा आणि कढईत पोहे तळणारा माणूस पायांत काय घालतो, हे कधी पाहिले आहे का? बहुधा झिजलेली हवाई चप्पल, नाहीतर काहीच नाही. खाली फरशी, तिच्यावर तेल, पाणी आणि साबण. शेजारी सुमारे 180 अंश सेल्सिअस तापलेले तेल. अशा ठिकाणी पाय घसरला, तर नुसते खरचटून भागत नाही. तेव्हा भटारखान्यातील पादत्राण कसे असावे, हा प्रश्न भौतिकीच्या साहाय्याने सोडवू या.

पुस्तकातील नियम आणि एक कोडे

फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ याने 1699 साली घर्षणाचे नियम मांडले. त्यांतला एक तुम्हाला ठाऊक आहे: घर्षण बल हे स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. मग बुटाच्या तळाला खाचा पाडून क्षेत्रफळ कमी-जास्त केल्याने काय फरक पडणार? तरीही गुळगुळीत तळाची चप्पल तेलावर घसरते आणि खाचांची घसरत नाही. असे का?

याचे उत्तर असे, की तो नियम कोरड्या पृष्ठभागांसाठी आहे. फरशीवर तेल असेल, तर तळ फरशीला टेकतच नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. रामकुंडाच्या ओल्या, शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकतो तो अशाच बुळबुळीत थरामुळे. हा थर बाजूला सरल्याशिवाय रबर आणि फरशी यांची गाठ पडत नाही.

थर सरायला वेळ किती लागतो? दोन चकत्यांमध्ये दाबलेल्या द्रवाचा हा प्रश्न जोसेफ स्टीफन याने 1874 साली सोडवला. उष्णतेच्या प्रारणाच्या नियमात ज्याचे नाव येते, तोच हा स्टीफन. द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, जितकी जास्त, तितका वेळ जास्त. खाद्यतेलाची श्यानता पाण्याच्या पन्नास पटींहून अधिक असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: दाब तेवढाच ठेवून ठोकळ्याची रुंदी निम्मी केली, तर लागणारा वेळ चौथाई होतो. कारण मधल्या तेलाला कडेपर्यंत जायचा रस्ता छोटा होतो.

चालताना टाच टेकल्यापासून शरीराचा भार त्या पायावर येईपर्यंत सेकंदाचे काही दशांशच मिळतात. तेवढ्यात तेल सरले तर पाय टिकला, नाही तर गेला! म्हणून तळाच्या खाचा या फरशीला चावणारे दात नव्हेत. त्या तेलाला पळून जाण्यासाठी काढलेल्या मोऱ्या आहेत. त्या लहान लहान ठोकळ्यांमधून जाऊन थेट कडेला उघडल्या पाहिजेत. कणीक आणि तुपाने बुजल्या, तर बूट नवा असूनही गुळगुळीतच समजावा. रोज काम संपल्यावर गरम साबणपाणी आणि ब्रश यांनी खाचा साफ करणे हा त्यावर उपाय.

करून पाहा

घरात उरलेली एखादी गुळगुळीत टाइल घ्या. तिच्यावर जुनी चप्पल ठेवून चपलेत अर्धी वीट ठेवा. टाइलचे एक टोक हळूहळू उचला. चप्पल घसरू लागेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची आणि टाइलखालचा आडवा पाया मोजा. उंची भागिले पाया म्हणजे घर्षण गुणांक. सपाट जमिनीवर साधे चालण्यासाठी तो सुमारे 0.2 लागतो, म्हणजे 50 सेंटिमीटर पायाला 10 सेंटिमीटर उंची. भरलेले पातेले घेऊन झटकन वळायचे तर आणखी हवा.

आता टाइलवर चमचाभर तेल पसरून प्रयोग पुन्हा करा. एकदा चप्पल ठेवताच टोक उचला, एकदा मिनिटभर थांबून उचला. दोन उत्तरांतील फरकात स्टीफनचे गणित दिसेल. मग खाचांची आणि झिजलेली अशा दोन चपला ताडून पाहा. शेवटी टाइल साबणाने धुवायला विसरू नका! भटारखान्यासाठीच्या बुटांची प्रमाणित चाचणी होते, तीही सिरॅमिक टाइलवर, साबणपाणी किंवा ग्लिसरीन पसरूनच.

टिकाऊपणा आणि आराम

नैसर्गिक रबराचे रेणू हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्या असतात. तेलाच्या रेणूंतही तशाच साखळ्या असल्याने तेल रबरात शिरते. तळ फुगतो, मऊ पडतो. नायट्राइल रबरात तेलाशी न जमणारे गट असतात, म्हणून ते तेलात अधिक टिकते. तळ फार कडकही नको. मऊ रबर फरशीच्या खडबडीतपणात नीट बसते, मात्र झिजते लवकर. मधल्या ठोकळ्यांच्या कडा नाहीशा झाल्या, की जोड बदलण्याची वेळ झाली.

वरचा भाग बंद आणि गुळगुळीत हवा. कापडी बूट तेल शोषून ते कातडीला चिकटवून ठेवतो. भोके असलेल्या बुटात ते सरळ आत जाते. नाडी नको. गरम तेल आत गेलेच, तर बूट एका झटक्यात काढता आला पाहिजे.

राहिला प्रश्न उभे राहण्याचा. हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा सुमारे 1.2 मीटर उंचीचा स्तंभ असतो. त्याचा दाब सुमारे 90 मिलिमीटर पारा भरतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहिले की हा पंप बंद पडतो आणि पाय सुजतात. म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहावा. बोटे मोकळी हलली पाहिजेत. आतला फोम म्हणजे हवेच्या असंख्य कप्प्यांची गादी. अंगठ्याने दाबून ती परत वर येत नसेल, तर ती निकामी झाली. पण कोणतीही गादी पोटरीच्या पंपाचे काम करीत नाही. मधून मधून चार पावले टाकलीच पाहिजेत.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अनवाणी स्वयंपाक करण्याची रीत आहे. 2015 च्या सिंहस्थात तपोवनातील साधुग्रामात अन्नछत्रे चालली. 2027 च्या सिंहस्थातही चालतील. तिथल्या प्रचंड कढयांजवळ वावरणाऱ्यांसाठी चामडे नसलेला, फक्त स्वयंपाकघरातच वापरायचा वेगळा जोड ठेवला, तर रीतही सांभाळता येईल आणि पायही. तेही शक्य नसेल, तर सांडलेले तेल त्याच क्षणी पुसून फरशी कोरडी करावी.

आणि हा जोड कोणी घ्यावा? हातावर पोट असलेला पोऱ्या स्वस्तातली चप्पलच घेणार. तेव्हा झारा आणि कढई जसे मालक घेतो, तसेच बूटही त्यानेच घ्यावेत, हे बरे. तुमच्या शाळेत खिचडी शिजत असेल, तर उद्या शिजवणाऱ्या काकूंच्या चपलेचा तळ त्यांच्या परवानगीने पाहा. खाचा शिल्लक आहेत का?