ताडोबात काय पाहावे?

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे, अंधारी अभयारण्यासह, १९९५ साली तेथे व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला; परंतु जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात वाघ एके वाघ असल्यामुळे तेथे काय पाहावे हा प्रश्न सर्वस्वी नशिबाच्या हवाली केला जातो. ज्यांचा निर्धार वाघाचाच असेल त्यांनी एप्रिल-मेमधील रणरणत्या उन्हाची तमा बाळगू नये, कारण नाले आटल्यावर श्वापदे मोजक्या पाणवठ्यांचा आश्रय करतात. पक्षिप्रेमींनी हिवाळा पत्करावा.

आमच्या मते, एक फेरी तरी ताडोबा तलावासाठी राखावी. तेथे काठच्या चिखलात मगर तासन्‌तास निश्चल पडलेली असते, आणि तिच्याच पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली साल लगतच्या रानातील ऐनाच्या खोडावर पाहावयास मिळते, जी दाखवा म्हटल्याखेरीज वाटाड्या सहसा दाखवीत नाही, कारण ऐनासाठी गाडी थांबवा म्हणणारा पर्यटक त्यालाही विरळाच भेटतो! रस्त्याच्या कडेचे जुने दगडी खांब गोंड राजवटीचे म्हणून सांगतात. रानगवे आणि रानकुत्र्यांची टोळी दिसल्यास वाघ हुकल्याची हळहळ करू नये.

परवाना मोहर्ली, कोलारा अथवा नवेगाव यांपैकी ज्या दरवाजाचा असेल त्याच दरवाजाने प्रवेश मिळतो, सबब मुक्काम त्यानुसार ठरवावा. मंगळवारी गाभाक्षेत्र बंद असते, पावसाळ्यातही बंद राहते, आणि ओळखपत्र अस्सल जवळ बाळगावे.