कूस कोण बदलणार?

पक्षाघाताचा किंवा मणक्याला मार लागलेला रुग्ण कराड-साताऱ्याच्या रुग्णालयातून उंब्रज परिसरातल्या आपल्या घरी येतो, तेव्हा घरच्यांचं सगळं लक्ष गोळ्यांच्या वेळांकडे असतं. महिन्याभरात निरोप येतो, ‘डॉक्टर, पाठ लागलीय.’ उघडून पाहावं तर माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम, कधी थेट हाडापर्यंत गेलेली. अशा जखमेतले जंतू रक्तात पसरून माणूस दगावू शकतो. मूळ आजारातून सावरत असलेलासुद्धा.

हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेमटली, की बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो. ज्याला हलता येत नाही, त्याचं दबलेलं मांस काही तासांतच मरू लागतं. माकडहाड, टाचा, खुबे आणि डोक्याची मागची बाजू या नेहमीच्या जागा.

या शय्याव्रणांविषयी 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. कुशीवर पूर्ण आडवं न करता पाठीशी उशी देऊन साधारण 30 अंश कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. लाल झालेल्या जागी तेल चोळायचं नाही, हवेची रिंग कमरेखाली द्यायची नाही. यात अवघड काय आहे? काहीच नाही.

अवघड आहे ती पाळी. साध्या गादीवर दर दोन तासांनी वळवा, असं आम्ही सांगतो. पण सून धारेला गेलेली, मुलगा उसाच्या रानात, आणि घरात उरलेल्या म्हातारीला एकटीला जड माणूस हलत नाही. मग हवेची गादी येते. ती उपयोगी आहे, पण वळवणं तिने सुटत नाही. त्यात तिच्यावर जाड वाकळ अंथरलेली असली, तर पैसे गेलेच म्हणायचे.

माझ्या मते औषधाच्या चिठ्ठीइतकाच एक कागद महत्त्वाचा आहे. खाटेजवळच्या भिंतीवर तो लावायचा. वेळ, डावी-उजवी कूस आणि वळवणाऱ्याचं नाव. रात्रीचीसुद्धा. सरकारी वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे कितीतरी खाटा असतात. म्हणून नातेवाइकाला पहिल्याच दिवशी चादरीने उचलून वळवायला शिकवावं, त्याच्याकडून करून घ्यावं. ओढत सरकवलं तर कातडी सोलते.

अंग पुसताना रोज पाठ पाहा. लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडला नाही, तर धोका सुरू झाला. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून ऊन किंवा घट्ट लागतं का ते बघा. ओलं झालेलं कापड लगेच बदला. डाळ, अंडी, दूध कमी पडू देऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. कातडी काळी पडली, वास आला किंवा ताप चढला तर हळद-पावडर न भरता त्याच दिवशी दवाखाना गाठा.