कोयत्याचा हिशोब : गोसब की प्रॉक?

प्रोग्रॅमची घडण : भाग 9

मागच्या आठवड्यात आपण टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची वजने लूपने बेरजेला लावली. आज पुढचा प्रश्न : पुन्हा पुन्हा लागणारा हिशोब वेगळा काढायचा, तो कसा?

उदाहरण तेच. धारूर, केज, पाटोदा भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. हंगाम संपून पट्टा पडला की हिशोब होतो : तोडलेले टन गुणिले दर, वजा आगाऊ घेतलेली उचल. समजा 150 टन तोडले, दर 366 रुपये, उचल 60,000. मजुरी झाली 54,900. म्हणजे 5,100 रुपये अंगावर राहिले. आकडे बदलतात, रीत तीच. म्हणून ती एकदाच लिहायची आणि लागेल तेव्हा बोलवायची.

केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी ही पद्धत रुळवली. 1951 सालच्या त्यांच्या पुस्तकात अशा तयार सबरूटीनांचा संग्रहच आहे. पुढे अल्गोल 60 मधल्या प्रोसीजरला नाव, बाहेरून मिळणारी मूल्ये आणि स्वतःपुरती व्हेरिएबल्स मिळाली.

साधे सबरूटीन आणि प्रोसीजर हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहायचे तर बीबीसी बेसिक घ्यावी. 1984 पासून केंद्राच्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत जे बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यांची ही भाषा.

सबरूटीन बोलवायला ‘गोसब 1000’ म्हटले की संगणक 1000 नंबरच्या ओळीवर जातो आणि ‘रिटर्न’ दिसताच मागे येतो. सोपे आहे, पण टन, दर, उचल हाती देण्याची सोय नाही; ठरलेल्या व्हेरिएबल्समध्ये ते आधीच भरून ठेवावे लागतात, आणि ती व्हेरिएबल्स साऱ्या प्रोग्रॅमची सामाईक. मुख्य लूप ‘आय’ घेऊन 12 कोयते मोजतो आहे आणि 1000 च्या ओळीखाली 30 खेपांची बेरीज करायलाही आपण ‘आय’च वापरला, तर? पहिल्या कोयत्याचा हिशोब संपेपर्यंत ‘आय’ 31 वर पोचतो. मुख्य लूपच्या लेखी 12 केव्हाच ओलांडले! उरलेल्या 11 कोयत्यांचा हिशोब होतच नाही आणि चुकीची सूचनाही येत नाही. शिवाय मुख्य भागाखाली ‘एंड’ लिहायचे राहिले, तर संगणक ओघाने 1000 च्या ओळीत शिरतो, एक हिशोब जादा करतो आणि ‘नो गोसब’ म्हणून अडतो.

प्रोसीजरमध्ये पहिलीच ओळ ‘डेफ प्रॉकहिशोब’ अशी, पुढे कंसात टन, दर, उचल. खाली ‘लोकल आय’ लिहिले की आतला ‘आय’ बाहेरच्याला धक्का लावत नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. दर कंसातून येत असेल, तर प्रोसीजरची एकही ओळ न बदलता जुना हंगाम जुन्या दराने आणि नवा नव्या दराने निघतो.

तेव्हा निवड अशी करा. हिशोबाची चिठ्ठी छापण्यासारखे काम असेल तर प्रोसीजर. फक्त बाकीचा आकडा परत हवा असेल तर फंक्शन. गोसब जुना प्रोग्रॅम सांभाळण्यापुरता ठेवा; नव्याने लिहिताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायथॉन वापरणाऱ्यांनी मात्र निर्धास्त राहू नये. तिथे गोसब नाही, सगळे ‘डेफ’नेच लिहायचे. पण ‘डेफ’च्या आत ‘ग्लोबल’ लिहून बाहेरची व्हेरिएबल्स बदलत बसलात, तर दुखणे गोसबचेच. कंसात काय येते आणि परत काय जाते, एवढे वाचून तुकडा वापरता आला पाहिजे. आत डोकावावे लागले तर तो नीट तोडलेला नाही.

या आठवड्याचा अभ्यास : मुकादमाचे कमिशन काढणारे फंक्शन लिहा. एकूण मजुरी आणि टक्केवारी कंसातून घ्या, आत काहीही छापू नका. पुढच्या भागात ते हिशोबाला जोडू.