हात मागावर, कान मध्यम लहरींवर

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव ओळखले जाते ते कोशाच्या कापडासाठी. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेले कोसे उकळायचे, त्यांचे सूत काढायचे, कांड्या भरायच्या आणि मागावर बसून धोटा फेकायचा. हे काम हात, पाय आणि डोळे तिन्ही मागते. तुटलेला धागा नजरेनेच सापडतो. मोकळे राहतात ते कान. जुन्या गाण्यांच्या रेडिओचा आढावा स्टुडिओपासून न घेता अशा विणकरांच्या गावापासून घ्यावा, असे मला वाटते ते यासाठीच. जुनी गाणी आज हवी तेव्हा मिळतात. पण काम न थांबवता, पैसे न मोजता ती कष्टकऱ्याच्या कानी घालण्याचे काम मध्यम लहरींनी जसे केले, तसे दुसऱ्या साधनाला अजून जमलेले नाही.

नागपूर ५८५

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पुढे ५८५ किलोहर्ट्झवरच्या तीनशे किलोवॉटच्या प्रक्षेपकाने हा आवाज पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्यांपर्यंत नेला. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून पसरतात. त्यामुळे एफएमचे सरळ रेषेतले प्रक्षेपण जिथे क्षीण होते, तिथेही त्या लांबवर ऐकू येतात.

रात्री मात्र त्यांचे वागणे पालटते. दिवसा या लहरी शोषून घेणारा वातावरणातला एक थर सूर्य मावळल्यावर विरतो. मग त्या वर जाऊन उंचावरच्या थरांवरून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटर दूरचे स्टेशन घरात बोलू लागते. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, श्रोत्याला याचा लाभ मोठा होता. मुंबईपेक्षा रायपूर आणि जबलपूर जवळ. सुई ९८१ वर नेली की रायपूर लागे, ८०१ वर जबलपूर आणि हवा चांगली असेल तर ५५८ वर मुंबई. मराठी भावगीत, हिंदी चित्रपटगीत आणि छत्तीसगढी लोकगीत यांच्यामध्ये बोटभर तबकडीचेच अंतर! त्यातच सेट थोडा फिरवला की आवाज उजळतो, कारण आतली फेराइटची कांडी ठरावीक दिशेकडूनच लहरी नीट पकडते. हे शास्त्र कोणी शिकवले नाही; ट्रान्झिस्टर कुठल्या कोनाड्यात, कोणत्या तोंडाने ठेवायचा हे घरोघरी सवयीने ठरले. उतरलेले सेल उन्हात ठेवून आणखी चार गाणी ऐकायची युक्तीही अशीच.

रुसवा आणि परतणे

ही गाणी आकाशवाणीवर सुखासुखी आली नव्हती. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती. चित्रपटगीतांना त्यांनी कात्री लावली; चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, म्हणून तेही थांबले. निर्माते बिथरले आणि श्रोत्यांनी सुई लघुलहरींवरच्या रेडिओ सिलोनकडे वळवली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सकाळी जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम लागे आणि त्याचा शेवट सैगलच्या गाण्याने होई. त्या गाण्यावर घड्याळ लावणारी एक पिढीच तयार झाली.

आकाशवाणीने उत्तर दिले ते ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, ‘विविध भारती’च्या रूपाने. पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिला घडवले. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या महाराष्ट्रातल्या तीन केंद्रांवर. ‘भूले बिसरे गीत’ने सकाळ जुन्या गाण्यांच्या नावे करून टाकली, ‘छायागीत’ने रात्र.

मराठी गाण्याची वाट वेगळी होती. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने आठवड्याला एक याप्रमाणे माडगूळकर-फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची छप्पन गीते दिली. भावगीत घरात रुजले ते रेडिओमुळेच. त्यात विदर्भाचा वाटाही मोलाचा आहे: नागपूरचे राजा बढे, अमरावतीचे सुरेश भट.

नावानिशी गाणे

रेडिओने गाण्याबरोबर नावे दिली. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी पूर्ण ओळख सांगूनच निवेदक गाणे लावत असे. ध्वनिमुद्रिका कधी हाती न घेतलेल्या माणसालाही मग शैलेंद्र आणि साहिर वेगळे कळू लागले, नौशाद आणि सी. रामचंद्र यांचे ठसे ओळखू येऊ लागले. ही संगीताची शाळाच होती, आणि तिला प्रवेशासाठी अक्षरओळखही लागत नव्हती.

फर्माइशीच्या कार्यक्रमांत श्रोत्यांचीही नावे गावासकट वाचली जात. झुमरीतलैया देशभर माहीत झाले ते पोस्टकार्डांवरूनच. शिवाय पुढचे गाणे कोणते, हे आपल्या हाती नसे. त्यामुळे न मागितलेले, विसरलेले गाणेही ऐकले जाई आणि आवडून जाई. आज यंत्र आपल्याच आवडीचे आपल्याला पुन्हा पुन्हा वाढते; त्यात कानाची वाढ खुंटते.

ओसरणारा आवाज

१८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिचा १५६६ किलोहर्ट्झवरचा एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक नागपूरचाच; रात्रभर तो देशाच्या मोठ्या भागात ऐकू येई. जानेवारी २०१९ मध्ये ही वाहिनी बंद झाली. देशात अनेक ठिकाणचे मध्यम लहरींचे प्रक्षेपकही गेल्या काही वर्षांत मिटले. एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या खरखरीने उरलेसुरले ऐकणेही कठीण केले आहे. डीआरएम या डिजिटल पद्धतीत मध्यम लहरींवरचाच आवाज स्वच्छ येतो, पण त्यासाठी नवा, महागडा संच लागतो.

मोबाइलवर आकाशवाणी ऐकता येते, हे खरे. पण त्याला डेटा लागतो, चार्जिंग लागते, आणि गाणे बदलायला धोट्यावरचा हात काढावा लागतो. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला आला तसा पूर आला आणि वीज व मोबाइलचे मनोरे बंद पडले, तर दोन सेलांवर चालणारा ट्रान्झिस्टर बातमीही देतो आणि धीरही.

तेव्हा मागणी साधी आहे. पूर्व विदर्भासाठी मध्यम लहरींचा एक दमदार प्रक्षेपक कायम चालू ठेवावा. डिजिटल संच स्वस्त करावेत. जुन्या गाण्यांना रोजची ठरलेली वेळ आणि जाणते निवेदक द्यावेत. गाण्यांच्या फिती जपून संग्रहात ठेवल्याने अर्धेच काम होते. फुकट, नावानिशी आणि हातातले काम चालू असताना ती ऐकता आली, तरच ती लोकांची राहतात.