चिरूट, व्हिस्की आणि आपली बिडी

एके दिवशी संध्याकाळी आम्ही पनवेलच्या बाजारात एका ओट्यावर बसलो होतो. दिवसभर पोती वाहिलेला एक हमाल शेजारी येऊन टेकला. त्याने बिडी पेटवली. समोरच्या हॉटेलाच्या अंगणात एक गृहस्थ चिरूट ओढीत बसले होते. पुढ्यात व्हिस्कीचा पेला होता.

हमाल म्हणाला, "गुरुजी, त्या चिरुटात असं काय असतं हो? माझ्या दोन बिड्या झाल्या, त्यांचा एक संपेना!"

चिरूट म्हणजे नुसता तंबाखू. बिडीला टेंभुर्णीचे पान लागते. चिरुटाला वरचे वेष्टणही तंबाखूच्याच पानाचे असते. ही पाने वाळवतात, रचून मुरवतात आणि मग वळतात. क्युबा देशाचे चिरूट जगात नावाजलेले आहेत. आपल्याकडे तिरुचिरापल्लीचे इंग्रजांच्या काळापासून प्रसिद्ध. जाड चिरूट सावकाश जळतो. त्याचा धूर सहसा छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात. म्हणून तो निरुपद्रवी, असे मात्र समजू नका. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो.

व्हिस्की ही धान्याची दारू. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात कालवून आंबवायचे. मग भट्टीवर चढवून वाफ धरायची. वाफ थंड झाली की दारू झाली. स्कॉटलंडात ती ओक झाडाच्या पिंपात निदान ३ वर्षे ठेवावी लागते, असा तिथला कायदा आहे. तिचा सोनेरी रंग बराचसा त्या लाकडाचा. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत पुष्कळदा उसाच्या मळीची दारू असते.

भट्टीची ही रीत आपल्या मुलखाला नवी नाही. उरण पूर्वी पनवेल तालुक्यातच होते. तिथे मोहाच्या फुलांच्या मोठ्या भट्ट्या होत्या आणि ती दारू मुंबईला जाई. पुढे १८९२ साली सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर कायद्याने बंधने घातली. गरिबाने दारात फुले वाळवली तरी गुन्हा! आजही महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. दारू पिण्यास परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतल्या कितीकांना ठाऊकच नसते.

आता शिणाचे बोलू. शीण खरा असतो. काम संपल्यावर स्वस्थ बसण्यात सुख आहे, तेही खरे. पण बिडीने शीण गेलासा वाटतो, त्यात एक गंमत आहे. सवयीच्या माणसाला काही वेळ तंबाखू मिळाला नाही की जीव कासावीस होतो. बिडी ओढली की तो कासाविसपणा जातो. म्हणजे बिडीनेच आणलेले दुखणे बिडी घालवते.

दारूचेही तसेच काहीसे. ३० मिलीलिटर व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. तेवढा काढून टाकायला यकृताला साधारण एक तास लागतो. त्यात घाई करता येत नाही, लिंबूपाण्याने नाही आणि कॉफीनेही नाही. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. सकाळी अंग जड होते आणि पोते तेवढेच असते.

सगळ्यांत वाईट म्हणजे भेसळीची दारू. स्वस्त पडावी म्हणून तिच्यात कारखान्यातले मिथेनॉल घालतात. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि आधी डोळ्यांवर घाला येतो. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बहुतेक सारी हातावर पोट असलेली.

आमचा एक जुना विद्यार्थी अशाच दारूने आंधळा झाला. रात्री प्याला. दुसऱ्या दिवशी समोर धुके दिसू लागले. पोलीस विचारतील, या धास्तीने तो दिवसभर घरातच पडून राहिला. त्याच दिवशी दवाखाना गाठता तर कदाचित नजर वाचती. या विषावर औषध आहे, पण ते वेळेवर मिळावे लागते. दारू प्याल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले, पोटात कळा आल्या, दम लागला, तर उतारा पडेल म्हणून वाट पाहू नका. मोठ्या सरकारी रुग्णालयात जा आणि काय प्यालात ते खरे सांगा. बाटलीत थोडी उरली असेल तर तीही सोबत न्या. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.